अर्थासाठी वाचणाऱ्या पंडिता रमाबाई

हिब्रू आणि ग्रीक या दोन भाषांच्या अभ्यासास पंडिता रमाबाईंनी आरंभ केला, तेव्हा त्यांनी वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमधील शेकडो मुलींच्या अन्नवस्त्राची आणि शिक्षणाची जबाबदारी त्यांच्या शिरावर होती. कानांनी ऐकू येणे दिवसेंदिवस कमी होत चालले होते. मराठीत बायबल नव्हते, असेही नाही. विल्यम केरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मराठी भाषांतरे बाहेर पडू लागली होती आणि पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी ती सुधारलीही होती. तरीही मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल नव्याने मराठीत आणण्याचे काम या बाईंनी अंगावर घेतले आणि उरलेले सारे आयुष्य त्यात घातले. या कामामागचे कारण केडगावात सापडत नाही. त्यासाठी त्यांच्या बालपणापर्यंत मागे जावे लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. आज हा भाग कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मंगळूर परिसरातील मराठी भाषक चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते विद्येसाठी पुण्यास गेले. तेथे त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीही संस्कृत शिकू शकते, हे त्या वाड्यात पाहिल्यावर आपल्या घरीही तसे व्हावे, असे अनंतशास्त्रींनी ठरविले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते जमले नाही. दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई यांना मात्र त्यांनी नेटाने शिकविले. समाजाचा रोष झाला. धर्मपंडितांच्या सभेपुढे उभे राहून, स्त्रियांना संस्कृत काव्य आणि पुराणे शिकविणे शास्त्रविरुद्ध नाही, हे त्यांना ग्रंथांच्या आधाराने मांडावे लागले. त्यानंतर हे दांपत्य गंगामूळच्या अरण्यात आश्रम बांधून राहिले.

आतिथ्य आणि धर्मकृत्ये यांत शास्त्रीबुवांची मिळकत संपली. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थयात्रेचा मार्ग धरला. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोंगर उतरविण्यात आले. पुढील आयुष्य वाटेवरचे. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जावे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा. या भटकंतीत आईने मुलीला शिकविले. पहाटे, घरातील कामे सुरू होण्यापूर्वी, लक्ष्मीबाई रमेला जवळ घेऊन संस्कृतचे पाठ देत. भागवताचे हजारो श्लोक, अमरकोश आणि व्याकरण मुलीच्या मुखोद्गत झाले. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या आणि कानडी, तेलुगू, तमिळ मुलखांतून फिरणाऱ्या या मुलीची मराठी आईवडिलांनी जपून शुद्ध ठेवली. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना यातले कष्ट सांगावे लागत नाहीत.

पुराणवाचनाच्या या व्यवसायातील एक गोष्ट रमाबाईंच्या मनात कायमची राहिली. पुराणिक संस्कृत ग्रंथ मोठ्याने वाचीत आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ सांगत नसत. पवित्र शब्द कानी पडले की ऐकणाऱ्यास पुण्य लाभते, अशी श्रद्धा होती. श्रोते येत, फुले-तांदूळ वाहत, दक्षिणा ठेवीत आणि उठून जात. ग्रंथ काय म्हणतो, हा प्रश्न ना वाचणाऱ्याला पडे, ना ऐकणाऱ्याला. डोंगरे कुटुंबातील विद्वत्ता मोठी होती आणि निष्ठा त्याहून मोठी. परंतु १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळाने त्यांना गाठले, तेव्हा व्रते, दाने आणि पारायणे यांपैकी काहीही कामी आले नाही. जवळचे सारे धन देवकार्यात गेले होते. वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि थोड्या काळाने थोरली बहीणही गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघांनी हजारो मैलांची पायपीट केली. उपवास तर नित्याचेच होते.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि त्यांचे दिवस पालटले. वीस वर्षांची, अस्खलित संस्कृत बोलणारी ब्राह्मण मुलगी पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच काळात आणखी दोन ग्रंथ त्यांच्या हाती आले. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, असे तोवर मानणाऱ्या रमाबाईंनी भीतभीत तो वाचण्यास आरंभ केला. तसेच एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. भावंडांनी ते उघडून पाहिले, पण काहीच उमगेना. शब्द संस्कृतच होते. मात्र ज्या वाङ्मयात ही दोघे वाढली, त्याहून ती वाक्ये, त्या कथा आणि तो विचार इतका निराळा होता की वाचणे म्हणजे वेळ दवडणे वाटले. शब्द कळणे आणि अर्थ कळणे यांत किती अंतर असते, हे देशातील नामांकित संस्कृत पंडितेला त्या दिवशी अनुभवास आले. पुस्तक मात्र त्यांनी टाकले नाही.

कलकत्त्यातच त्यांच्या मनाला दुसरा धक्का बसला. सुशिक्षित मंडळींनी त्यांना पडद्यातील स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने देण्यास सांगितले. तयारीसाठी त्या मूळ ग्रंथ बारकाईने वाचू लागल्या. अनेक विषयांवर शास्त्रकारांची मते परस्परविरुद्ध होती. स्त्रियांविषयी मात्र बहुतेकांचे एकमत होते. स्त्री स्वभावतः हीन आहे आणि तिला स्वतंत्र मोक्षमार्ग नाही, असा त्या मतांचा आशय त्यांना दिसला. इतकी वर्षे ज्यांचे पाठ म्हटले, ते ग्रंथ आपल्याविषयी काय सांगतात, हे त्यांना अर्थाकडे लक्ष देऊन वाचल्यावरच कळले. बालपणीच्या श्रद्धेला येथे पहिला तडा गेला.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. पतीच्या पुस्तकसंग्रहात रमाबाईंना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान मिळाले. संस्कृत बायबलाने जे दिले नव्हते, ते या लहानशा पुस्तिकेने दिले. जवळच राहणाऱ्या एका बाप्टिस्ट मिशनऱ्याने उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीची कथा समजावून सांगितली. त्यांना ती आवडली. पत्नीला या धर्माची ओढ लागते आहे, हे पाहून बिपिन बिहारी नाराज झाले. हा वाद मिटण्याआधीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने त्यांचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

त्यानंतर त्या पुण्यास आल्या. मराठी ही ज्यांची मातृभाषा, त्यांनी महाराष्ट्रात मुक्काम केला तो असा वैधव्यात. आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगापुढील साक्ष आणि स्त्रीधर्मनीति या पुस्तकाचे प्रकाशन ही सारी कामे १८८२ या एकाच वर्षातली. इंग्रजी शिकत असताना मराठीतील नव्या कराराचे वाचनही सुरू झाले. पुण्यातील अँग्लिकन धर्मभगिनींशी परिचय झाला. मूळचे काशीचे शास्त्री आणि पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले नेहेम्या गोरे यांच्याशी चर्चा होऊ लागली. रमाबाईंना वैद्यकी शिकावयाची होती. पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांनी प्रवासखर्चाची सोय करून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

तेथे कानांच्या दुखण्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहत असताना, लंडनमध्ये त्या भगिनींनी चालविलेला पतित स्त्रियांचा आश्रय त्यांनी पाहिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना इतक्या मायेने वागविणारी माणसे त्यांनी प्रथमच पाहिली होती. या वागणुकीचे मूळ शोधताना त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचली. परजातीच्या, कलंकित मानल्या गेलेल्या स्त्रीशी विहिरीच्या काठी बसून धर्माविषयी बोलणारा गुरू त्यांना त्या पानावर भेटला. धर्मशास्त्रांनी ज्या प्रश्नाचे दार लावले होते, ते येथे उघडे दिसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात संताप उसळला. दुसरीकडे, इंग्लंडातील चर्चला वाटले की एक विदुषी आता आपल्या शिकवणुकीत घडेल. ही अपेक्षा खोटी ठरली. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात संस्कृत शिकविताना आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकताना रमाबाई वाचीत होत्या आणि जे पटत नाही त्याविषयी पत्रांतून प्रश्न करीत होत्या. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियसचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार यांपैकी काहीही त्यांनी केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारले नाही. पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मान दुसऱ्या पुरोहितांपुढे वाकविण्यास त्या तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असत. भारतीय स्त्रियांना जी भाषा कळत नाही, तिच्याऐवजी संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. काहींना हा अहंकार वाटला. वास्तविक प्रश्न जुनाच होता. न कळणाऱ्या भाषेतील पवित्र शब्दांचे मोल लहानपणी घाटावर बसून त्यांनी पाहिले होते. धर्म बदलला म्हणून तो प्रश्न मागे पडला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. बोस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ उभे राहिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. विधवांच्या या शाळेतील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदनात कोणताही धर्म शिकविला जाणार नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा करार होता.

हा करार रमाबाईंच्या आयुष्यातील कठीण परीक्षा ठरला. पुण्यास आल्यानंतर १८९१ च्या सुमारास त्यांच्या मनात एक पालट झाला. आठ वर्षे आपण ख्रिस्ती धर्माचे सिद्धान्त पारखत राहिलो, त्या सिद्धान्तांचा जो केंद्र तो ख्रिस्त मात्र आपल्याला भेटला नाही, असे त्यांना जाणवले. बुद्धीने केलेले वाचन आता प्रार्थनेचे वाचन झाले. पहाटे उठून, दार उघडे ठेवून, त्या मनोरमेसह बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, तसे हाकलूनही दिले नाही. पालकांच्या दृष्टीने हा करारभंग होता. आपल्या घरात आपल्या रीतीने प्रार्थना करण्याचा अधिकार सोडणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. वर्तमानपत्रांत, विशेषतः केसरीत, कडक टीका झाली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार नव्हती, कारण पुढे सदनातील काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रमाबाईंनीही ते दार लावून घेतले नाही. त्याची किंमत म्हणून पुण्यातील सुधारकांचा आधार त्यांनी गमावला.

त्यानंतरचे पर्व केडगावचे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील या गावी त्यांनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने मरणाच्या दारी असलेल्या मुली आणि तरुण विधवा पाहताना त्यांना वीस वर्षांपूर्वीचे आपले दिवस आठवले नसतील, असे संभवत नाही. सुमारे तीनशे जणींना त्यांनी केडगावास आणले. मुक्तीची वसती वाढत गेली आणि १९०० पर्यंत ती दीड हजारावर पोहोचली. शेती, विणकाम, सुतारकाम, दुग्धशाळा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली होती, त्यामुळे त्या मुली बोटांनी वाचू लागल्या.

येथे वाचनाचा प्रश्न निराळ्या रूपाने समोर आला. कलकत्त्यात तो एका पंडितेचा होता. केडगावात तो नुकतीच बाराखडी शिकलेल्या शेकडो खेडवळ मुलींचा होता. त्यांच्या हाती जे मराठी बायबल होते, ते त्यांना सहज कळत नसे. संस्कृतप्रचुर शब्द अडखळायला लावीत. शिवाय अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानातील आणि आचारांतील जुने अर्थ चिकटलेले होते, त्यामुळे मूळ लेखकाला अभिप्रेत नसलेले काही वाचकाच्या मनात उभे राही. हा दोष पाहण्यास त्या दोन्ही परंपरांची जाण हवी होती आणि ती रमाबाईंपाशी होती. विशेष हे की जन्मभर जिचे वैभव मिरविता आले असते, त्या संस्कृतची छाया बाजूला सारून साधी बोली निवडण्याचा निर्णय एका संस्कृत पंडितेने घेतला.

१९०५ च्या सुमारास काम सुरू झाले. इंग्रजीवरून मराठी करणे त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्याच्या अर्थावर विसंबणे त्यांनी चेल्टनहॅममध्येही नाकारले होते. म्हणून जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्यासाठी ग्रीक शिकणे आले. एका बाजूस मूळ पाठ, दुसऱ्या बाजूस कोश आणि व्याकरणे, मध्ये कागद, असे त्यांचे दिवस जाऊ लागले. बहिरेपणामुळे जगाशी संभाषण कमी होत गेले आणि ग्रंथाशी वाढत गेले. एकेक वाक्य शिकणाऱ्या मुलींना समजते का, ही त्यांची कसोटी होती. भाषांतर, वाचन, दुरुस्ती आणि पुन्हा वाचन हीच त्यांची उपासना झाली. छपाईही मुक्तीतच झाली. ज्या मुली दुष्काळातून हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या, त्यांच्यासारख्या स्त्रियांनी खिळे जुळविले, यंत्रे चालविली, कागद घडी घालून पुस्तके बांधली. ज्या ग्रंथाची अक्षरे त्या एकेक करून जुळवीत होत्या, तो त्यांना समजावा म्हणूनच नव्याने लिहिला गेला होता.

नवा करार १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या कराराचे काम लांबत गेले. मनोरमा ही आईचा उजवा हात. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथील शाळेचे कामही तिने सांभाळले होते. तीच जुलै १९२१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, आईच्या आधी गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंच्या मागे आपले म्हणावे असे रक्ताचे कोणी उरले नाही. शेवटच्या भागाची मुद्रिते त्या तपासत राहिल्या. ते काम हातावेगळे झाले आणि लगेच, ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर असताना, त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झाले. ते पाहण्यास त्या नव्हत्या.

या भाषांतराचा प्रसार फारसा झाला नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी उपासनेसाठी इतर भाषांतरेच वापरली. परंतु एका स्त्रीने मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून एकहाती संपूर्ण बायबल आपल्या भाषेत आणावे, असे उदाहरण त्या काळी जगातही क्वचितच सापडेल. दीर्घकाळ मराठी समाजाने त्यांच्याकडे धर्मांतराच्या एकाच बाजूने पाहिले. सनातन्यांनी त्यांना दोष दिला, सुधारक दुरावले, मिशनऱ्यांना त्या पुरत्या आपल्या वाटल्या नाहीत. या तिन्ही भांडणांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. ग्रंथ कोणताही असो, तो स्वतः वाचीन आणि कळल्याशिवाय मान डोलावणार नाही, हा त्यांचा नेम होता. पहाटे आईपाशी बसून घेतलेल्या पाठांनी त्यांना वाचायला शिकविले. त्या वाचनाचा अर्थ काय, हे त्यांनी आयुष्यभर विचारले आणि जे हाती लागले, ते केडगावच्या मुलींना कळेल अशा मराठीत लिहून ठेवले.